सुताराच्या हातातलं पिस्तूल

बंदूक या वस्तूशी माझा आयुष्यात तीन वेळा जवळून संबंध आला. पहिला अर्थातच दिवाळीत, टिकल्यांच्या पिस्तुलाशी. ते पत्र्याचं असे आणि त्यात घातलेला लाल कागदाचा रोल दोन टिकल्या वाजवून तिसरीला हमखास अडके. मग आम्ही वीरपुरुष ओट्यावर बसून तो रोल फरशीवर पसरत असू आणि दगडाने एकेक टिकली ठेचत असू. आवाज जास्त येई आणि पिस्तुलाची गरज उरत नसे.

दुसरा संबंध कॉलेजात, एन.सी.सी.मध्ये. पालथं पडून पॉइंट टू टूच्या रायफलीने प्रत्येकाने पाच गोळ्या मारायच्या होत्या. माझ्या फळीवर एकही भोक पडलं नाही. शेजारच्या मुलाच्या फळीवर मात्र आठ पडली आणि त्याला शाबासकी मिळाली. पाच गोळ्यांत आठ भोकं कशी पडतात हा हिशेब सुभेदारसाहेबांनी मांडला नाही, आणि मीही तो त्यांना मांडून दाखवला नाही.

तिसरा संबंध बँकेत. म्हणजे मी बँक लुटली नाही. मी तिथे कारकून होतो. आमच्या शाखेच्या दारात स्टुलावर एक दुनळी बंदूक बसलेली असे आणि तिच्यामागे हवालदार. त्यांना सगळे हवालदारच म्हणत. सातारा जिल्ह्यातले, सैन्यातून निवृत्त होऊन आलेले, मिशा पांढऱ्या आणि कण्हेरीच्या काठीसारखे सरळ. दुपारी भाकरी सोडायच्या आधी ते दुनळी मधोमध मोडत, दोन्ही काडतुसं काढून खिशात घालत, खिशाचं बटण लावत आणि मगच कांदा फोडत. एकदा मी म्हटलं, "हवालदार, जरा हातात घेऊ का?" त्यांनी ती मोडली, काडतुसं काढली, नळ्यांतून उजेडाकडे पाहिलं आणि मग दिली. मला वाटलं होतं त्याच्या दुप्पट जड होती. "बघा कसा दिसतोय," असं म्हणत मी कॅशियरकडे वळलो, तशी माझ्याबरोबर नळीही वळली. पुढच्या क्षणी हवालदारांच्या तळव्याने ती खाडकन वर छताकडे गेली. माझं मनगट दोन दिवस दुखत होतं.

"अहो, रिकामी आहे की!" मी म्हणालो.

"रिकामीच लई मानसं मारती, साहेब," ते म्हणाले आणि कांदा फोडायला बसले.

एवढ्या भांडवलावर मी हॅरिसन फोर्डच्या बंदुकांविषयी लिहायला बसलो आहे. बंदुकीतलं आपल्याला काही कळत नाही ही खरं तर या विषयाला उत्तम पात्रता आहे, कारण ती हातात घेताना फोर्डच्याही चेहऱ्यावर तिच्यातलं सगळं कळत असल्याचा भाव कधी नसतो. आणि माझ्या मते त्याच्या साऱ्या कारकिर्दीचं मर्म तिथेच आहे.

'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' हा चित्रपट १९८१ सालचा. आमच्या पुण्यात तो यथावकाश आला. तेव्हा शनिवारी बँक अर्धा दिवस असे, तेव्हा बँक सुटल्यावर आम्ही चौघे-पाच जण मॅटिनीला निघालो. हवालदार दारातच होते. त्यांनाही ओढलं. "मला विंग्रजी येत न्हाई," ते म्हणाले. "बंदुकीला कुठे येतं?" असं आमच्यातला एक विनोदी म्हणाला, आणि हवालदार आले.

त्यातला तो प्रसंग तुम्ही पाहिला असेल. नसेल तर नातवंडांनी सांगितला असेल. कैरोचा बाजार. गर्दी दुभंगते आणि समोर काळ्या कपड्यातला, लाल कमरपट्ट्याचा एक धिप्पाड तलवारबाज उभा राहतो. तो तलवार या हातातून त्या हातात नाचवतो, गरगर फिरवतो, गडगडाटी हसतो. थेटरात आम्ही सरसावून बसलो की आता जुंपणार. इकडे इंडियाना जोन्सचा चेहरा असा, की दोन तास रांगेत उभं राहिल्यावर रॉकेल संपल्याची पाटी लागावी. तो कंटाळून पिस्तूल काढतो, एक गोळी घालतो आणि वळतो. तलवारबाज आडवा. थेटर फुटलं. मी पुढच्या खुर्चीच्या पाठीवर थापा मारत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. शेजारी पाहिलं तर हवालदार हसत नव्हते.

बाहेर चहा पिताना विचारलं, "का हो, आवडला नाही का?"

"पिच्चर झ्याक हाय," ते म्हणाले. "पर त्या तलवारवाल्याच्या मागं किती मानसं हुबी हुती, बघितलंसा का? गोळी काय त्याच्यातच थांबती व्हय?"

आम्ही पुन्हा हसलो. पण माझं एक कायमचं नुकसान झालं. तेव्हापासून हॅरिसन फोर्डचा कुठलाही चित्रपट पाहताना माझं लक्ष तो कुणावर गोळी झाडतो याच्याकडे नसतं. मागे कोण उभं आहे, तिकडे असतं. समीक्षेची अनेक शास्त्रं आहेत म्हणतात. माझं हे एवढंच.

त्या प्रसंगामागची हकिकत पुढे बऱ्याच वर्षांनी वाचली. चित्रीकरण चाललं होतं ट्युनिशियात, कैरवान गावी; पडद्यावर त्याचं कैरो झालं. तिथलं ऊन आणि तिथलं पाणी यांनी युनिटमधल्या बहुतेकांची पोटं बिघडवली होती. दिग्दर्शक स्पीलबर्ग इंग्लंडहून आणलेले डबे उघडून खात होता म्हणून तो तेवढा बचावला. फोर्ड मात्र आडवा. ठरल्याप्रमाणे तलवार विरुद्ध चाबूक अशी लांबलचक मारामारी घ्यायची होती, आणि तलवारवाल्याचं काम करणारा टेरी रिचर्ड्स हा ब्रिटिश स्टंटमन तिच्यासाठी कित्येक आठवडे तलवार घासत होता. पण नायकाला दर थोड्या वेळाने कॅमेऱ्यापासून लांब जाणं भाग होतं. तेव्हा त्यानेच सुचवलं की सरळ गोळी घालून मोकळं होऊ या. वर्षभर जमवलेल्या फायली इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबाने गाडी चुकेल म्हणून न उघडताच सही करून परत द्याव्यात, तशी त्या रिचर्ड्सची गत झाली. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध पिस्तुली विनोदाचं मूळ असं पोटात आहे.

पण हा विनोद दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर जमला असता का? मला वाटतं, नाही. जॉन वेनने ती गोळी घातली असती तर ती शिक्षा वाटली असती. क्लिंट ईस्टवुडने घातली असती तर नियती वाटली असती. ईस्टवुडच्या कमरेला पिस्तूल जन्मापासून असल्यासारखं दिसतं. फोर्डच्या कमरेला ते कुणीतरी "जरा धर, आलोच" म्हणून देऊन गेल्यासारखं.

याचं कारण त्याच्या पूर्वायुष्यात असावं. हा मूळचा शिकागोचा, जन्म १९४२चा. हॉलिवुडात आला आणि किरकोळ कामांत अडकला. घरी बायको आणि दोन मुलं. तेव्हा त्याने ग्रंथालयातून पुस्तकं आणून सुतारकाम शिकून घेतलं आणि पोट त्याच्यावर भरलं. सर्जिओ मेंडिस या ब्राझिलियन संगीतकाराचा रेकॉर्डिंग स्टुडिओ त्याने बांधून दिला. असं सांगतात, की कोपोलाच्या कचेरीत तो दार बसवत असताना जॉर्ज लुकास तिथे 'स्टार वॉर्स'साठी नट निवडत होता. इतरांसमोर संवाद वाचून दाखवायला या सुतारालाच बसवलं, आणि शेवटी कामही त्यालाच मिळालं. ते दार लक्षात ठेवा, पुढे एक दार पुन्हा येणार आहे.

सुतार पटाशी कशी धरतो पाहिलं आहे तुम्ही? मिरवत नाही. काम असेल तेव्हा घेतो, झालं की ठेवतो, आणि शेजारी पोरं खेळत असतील तर तिचं पातं भिंतीकडे करून ठेवतो. फोर्ड पिस्तूल तसं धरतो. इंडियाना जोन्सच्या कमरेला स्मिथ अँड वेसनचं रिव्हॉल्व्हर आहे खरं, पण त्याचं मुख्य हत्यार चाबूक. चाबकाने तो दरी ओलांडतो, लटकतो, दुसऱ्याच्या हातातली बंदूकसुद्धा हिसकून घेतो. आणि सारं जग कोसळत असताना परत फिरतो तो टोपीसाठी. आमच्या वडिलांचं छत्रीच्या बाबतीत असंच होतं.

'स्टार वॉर्स' १९७७चा. त्यातल्या हान सोलोच्या हातातलं ते अंतराळातलं किरणास्त्र म्हणजे मुळात पृथ्वीवरचं, एकोणिसाव्या शतकातलं जर्मन माउझर पिस्तूल आहे. सी-९६ म्हणतात ते. केरसुणीच्या मुठीसारखी गोल मूठ असलेलं. त्याला वर दुर्बीण आणि पुढे नळकांडं बसवलं की झालं भविष्यकाळातलं. आता थोडं विषयांतर करतो, कारण त्यात मुंबई आहे. १८९६ साली विन्स्टन चर्चिल नावाचा एक तरुण गोरा अधिकारी ससून डॉकला बोटीतून उतरताना तिथल्या लोखंडी कडीला धरायला गेला, लाटेने होडी हलली आणि त्याचा खांदा निखळला. तो जन्मभर दुखरा राहिला. त्यामुळे दोन वर्षांनी सुदानात ओमदुर्मानच्या लढाईत घोडदळाचा हल्ला झाला तेव्हा तलवार चालवणं जमणार नाही म्हणून त्याने हातात घेतलं होतं ते हेच माउझर. त्या दिवशी समोरच्या बाजूला हजारो माणसं तलवारी आणि भाले घेऊन तोफांवर आणि मशीनगनवर चालून आली. एका सकाळीत त्यांची दहा हजारांहून जास्त माणसं पडली. इंग्रज-इजिप्शियन बाजूची पन्नासच्या आत. म्हणजे कैरोच्या बाजारातला तो विनोद खराखुरा घडला होता, आणि तो विनोद नव्हता. आपल्याकडच्या तलवारवाल्यांचं काय झालं हे आपल्याला कुणी सांगायला नको. तरी मी खुर्चीवर थापा मारून हसलो होतो.

असो. सोलोच्या त्या माउझरांपैकी पहिल्या चित्रपटातलं एक २०२२ साली अमेरिकेत लिलावात १०,५७,५०० डॉलरला गेलं. त्याआधी २०१८ साली तिसऱ्या चित्रपटातलं एक साडेपाच लाख डॉलरला गेलं, आणि ते तर बहुतांशी लाकडाचं होतं. सुताराच्या हातात लाकडी पिस्तूल! याहून योग्य न्याय मी ऐकलेला नाही.

या सोलोने पहिल्याच चित्रपटात एक पातक केलं. खानावळीत वसुलीला आलेल्या हिरव्या तोंडाच्या ग्रीडोला त्याने टेबलाखालून, बोलता बोलता, गोळी घातली. आम्हाला तो त्याच क्षणी आवडला. पण १९९७ साली चित्रपट नव्याने सजवून काढताना लुकासला सद्बुद्धी सुचली आणि त्याने संगणकाने असं करून घेतलं की आधी ग्रीडो झाडतो आणि मग सोलो. हातभर अंतरावरून ग्रीडोचा नेम चुकतो. (माझ्या एन.सी.सी.च्या अनुभवावरून मला हे अशक्य वाटत नाही.) २००४ साली पुन्हा दुरुस्ती, आता दोघे जवळजवळ एकदम झाडतात. २०१९ साली आणखी एकदा. आमच्या ऑफिसात एका मेमोचा मसुदा इतक्या वेळा बदलला जाई, पण तिथे कुणी मेलेलं नसे. शेवटी आधी कुणी झाडली असं लोकांनी फोर्डलाच विचारलं, तर तो म्हणाला, मला माहीत नाही आणि मला त्याचं काही नाही. या वादातलं एवढंच वाक्य मला सुताराचं वाटतं.

१९८४च्या 'टेम्पल ऑफ डूम'बद्दल आपण न बोललेलं बरं, पण बोलतो. गोष्ट १९३५च्या हिंदुस्थानातली. आपल्या सरकारला संहिता पसंत पडली नाही म्हणून चित्रीकरण श्रीलंकेत झालं. त्यातला संस्थानिक पाहुण्यांना माकडाचा मेंदू वाढतो. आमच्याकडे पाहुण्यांना श्रीखंडसुद्धा दुसऱ्यांदा विचारून वाढतात! कर्मचारी विमा महामंडळात बरीच वर्षं नोकरी केलेले आपले अमरीश पुरी त्यात मोलाराम होऊन माणसाचं काळीज उपटून काढतात. विम्याच्या कचेरीत तेवढं होत नसे. चित्रपट म्हणून तो मला आवडला नाही. आपल्याबद्दल इतकं अज्ञान इतक्या खर्चाने दाखवलेलं क्वचित पाहायला मिळतं. पण एक जागा आहे. इंडियानासमोर पुन्हा तलवारवाले येतात, या वेळी दोन. त्याच्या ओठांवर तेच ओळखीचं हसू येतं, हात कमरेला जातो, आणि म्यान रिकामं! पिस्तूल मघाशीच मोटारीत नायिकेच्या हातून पडलेलं असतं. तिला चटका बसला होता. सगळे हसतात ते पहिला विनोद आठवून. गंमत अशी, की हा चित्रपट घडतो १९३५ साली आणि पहिला घडतो १९३६ साली. म्हणजे जे अजून घडलंच नाही ते आठवून तो हसतो. पण रिकाम्या म्यानावर हात ठेवून उभा असलेला फोर्ड हा भरलेल्या फोर्डपेक्षा कितीतरी मोठा नट आहे, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं.

त्याच्या दिग्दर्शकांना ते आधीच कळलं असावं. 'ब्लेड रनर'मध्ये, १९८२ सालच्या, ऑस्ट्रियन रायफलीचा आणि अमेरिकन रिव्हॉल्व्हरचा संसार लावून तयार केलेलं एक जाडजूड पिस्तूल त्याच्या हाती आहे. काम काय, तर पळून आलेल्या कृत्रिम माणसांना संपवायचं. त्यातली एक बाई भर रस्त्यात जिवाच्या आकांताने पळते आहे, मागे गर्दी, पुढे गर्दी, काचेमागून काच फुटते आहे, आणि आपला नायक तिच्या पाठीत गोळ्या घालतो. थेटरात टाळी नाही. हवालदार असते तर त्यांचा प्रश्न त्या गर्दीने स्वतःच विचारला असता. शेवटी तर त्याच्याहून ताकदवान शत्रू भिंतीतून हात घालून त्याची दोन बोटं मोडतो आणि पिस्तूल त्याच्याच हातात परत देतो की, घे, झाड. मोडक्या बोटांनी पिस्तूल धरलेल्या नायकाचा चेहरा तुम्ही आठवून पाहा.

त्यानंतरच्या 'लास्ट क्रुसेड'मध्ये, १९८९ साली, इंडियानाचा बाप म्हणून आणला तो साक्षात शॉन कॉनरी. ज्याने जेम्स बाँड होऊन पिस्तूल कसं धरावं हे सगळ्या जगाला शिकवलं, तो इथे मुलाने मशीनगन चालवून माणसं मारल्यावर "हे काय केलंस तू!" अशा नजरेने बघतो. स्वतः विमानातून मशीनगन चालवतो तेव्हा आपल्याच विमानाचं शेपूट उडवतो. आणि शेवटी शत्रूचं विमान पाडतो ते छत्री फडफडवून, समुद्रपक्ष्यांचा थवा उडवून. छत्री! आमच्या वडिलांना हा चित्रपट फार आवडला असता.

पण माझ्या मते त्याचा सर्वांत मोठा चित्रपट १९८५चा 'विटनेस'. पीटर वीअरचा. ऑस्करसाठी त्याचं नाव आजवर एकदाच पुढे आलं ते याच्यासाठी, आणि मिळालं नाही. तो मी व्हिडिओ कॅसेट भाड्याने आणून पाहिला, शेजाऱ्यांसकट. त्यात तो फिलाडेल्फियाचा पोलीस आहे, जॉन बुक नावाचा. आमिश पंथाच्या एका आठ वर्षांच्या मुलाने स्टेशनच्या मुतारीत खून होताना पाहिला आहे आणि खुनी निघतो पोलीसच. बुकला गोळी लागते आणि तो त्या मुलाच्या घरी, शेतावर, लपून बरा होतो. आमिश मंडळी वीज वापरत नाहीत, मोटार वापरत नाहीत आणि माणसावर हत्यार उचलत नाहीत.

एके दिवशी मुलाला खणात त्याचं पिस्तूल सापडतं. बुक धावत येतो, ते काढून घेतो. मग मुलाचे डोळे पाहून त्याला राहवत नाही; तो आधी सगळ्या गोळ्या काढतो आणि मगच ते त्याच्या हातात देतो. मला एकदम बँक आठवली, खिशाचं बटण आठवलं. तेवढ्यात मुलाची आई येते. ती आरडाओरडा करत नाही. एवढंच सांगते की या घरात राहायचं तर ही वस्तू इथे चालणार नाही. पिस्तूल ती ठेवून घेते आणि गोळ्या लपवते कुठे, तर पिठाच्या डब्यात. आमच्या घरात आईच्या कुड्या तांदळाच्या डब्यात असत. अमेरिकेतल्या कुठल्याशा पेनसिल्व्हेनिया परगण्यातली ती बाई मला तत्क्षणी नात्यातली वाटली. मग आजोबा नातवाला मांडीवर घेऊन पिस्तूल समोर ठेवतात आणि विचारतात, तू माणूस मारशील का? तो म्हणतो, वाईट माणूस असेल तर. आजोबा विचारतात, वाईट कुठला हे तुला नुसतं बघून कळतं? पोरगा म्हणतो, ते काय करतात ते मला दिसतं, मी पाहिलं आहे. आम्हा शेजाऱ्यांना मात्र काही उत्तर सुचलं नाही. चहा गार झाला होता.

आणि मग ते धान्याचं कोठार उभं करण्याचं दृश्य. सगळा गाव एका दिवसात नव्या जोडप्यासाठी कोठार बांधतो. बुकला विचारलं जातं, सुतारकाम येतं का? तो म्हणतो, थोडंफार. त्या "थोडंफार"ला मी एकटाच हसलो, कारण बाकीच्यांना पूर्वेतिहास ठाऊक नव्हता. बुक तुळईवर बसून खुंटी ठोकतो, रंधा मारतो, आणि सगळ्या चित्रपटांत मिळून त्याचे हात इतके स्वस्थ मला कुठेही दिसलेले नाहीत.

शेवटी तीन भ्रष्ट पोलीस बंदुका घेऊन शेतावर येतात. बुक निःशस्त्र. एकाला तो मक्याच्या कोठीत दाणे सोडून गाडतो, त्याचीच बंदूक घेऊन दुसऱ्याला मारतो; तेवढं पाप दिग्दर्शकाला चुकवता आलं नाही. तिसरा आई नि आजोबांना ओलीस धरतो. मुलगा धावत जाऊन घंटा वाजवतो, आणि शेताशेतांतून काळ्या टोप्यांची माणसं येऊन उभी राहतात. रिकाम्या हातांची. नुसती बघत. बुक ओरडून विचारतो, आता कुणाकुणाला मारणार? याला? हिला? आणि त्याच्या हातातली बंदूक काढून घेतो. जन्मभर माझ्या मानगुटीवर बसलेला हवालदारांचा प्रश्न इथे चित्रपटाचा शेवट झाला होता. मागे किती माणसं उभी आहेत, बघितलंसा का? हवालदार तोवर निवृत्त होऊन गावी गेले होते. हा पिच्चर त्यांना दाखवायचा राहिला.

यानंतरच्या फोर्डला मी थोडा कडक मार्क देतो. 'द फ्यूजिटिव्ह' (१९९३) उत्तम. त्यातही हातात आलेलं पिस्तूल न वापरता तो धरणाच्या बोगद्यातून उडी मारतो. 'रिगार्डिंग हेन्री'त (१९९१) तर सिगरेट आणायला गेलेल्या त्यालाच दुकानात गोळी लागते. पण 'एअर फोर्स वन'मध्ये (१९९७) राष्ट्राध्यक्ष होऊन तो विमानात मशीनगन चालवतो तेव्हा लोक टाळ्या वाजवतात आणि मला कंटाळा येतो. तो चेहरा तोच आहे, पण शंका गेली आहे. शंका गेलेला फोर्ड म्हणजे मीठ विसरलेली आमटी.

त्याआधी १९९२ आणि १९९४ साली त्याने जॅक रायन या गुप्तहेराचं काम दोनदा केलं. त्याच्या आधी १९९० साली ते अॅलेक बाल्डविनने केलं होतं. हे नाव इथे आलं म्हणून पुढचं सांगितलं पाहिजे. ऑक्टोबर २०२१मध्ये न्यू मेक्सिकोत 'रस्ट' नावाच्या चित्रपटाची तालीम चालू असताना बाल्डविनच्या हातातल्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटली. चित्रपटात वापरतात ती काडतुसं खोटी असतात. एक तर आत दारू असते पण पुढे शिसं नसतं, नाहीतर नुसती दिसायला गोळी असते आणि दारू नसते. इथे खरी निघाली. छायाचित्रण करणाऱ्या हॅलिना हचिन्स गेल्या, दिग्दर्शक जखमी झाला. हत्यारं सांभाळणाऱ्या बाईंना २०२४ साली शिक्षा झाली. बाल्डविनवरचा खटला त्याच वर्षी कोर्टाने रद्द केला. बातमी वाचली तेव्हा मी पेपर बाजूला ठेवला आणि माझा हात आपोआप मनगटाकडे गेला.

फोर्डला मात्र इतक्या वर्षांत, इतक्या बंदुकांमधून, पडद्यामागे कधी गोळी लागली नाही. जून २०१४मध्ये तो सत्तरी ओलांडून पुन्हा हान सोलो झाला, आणि सेटवर त्याच्या त्या जुन्या यानाचं यंत्राने चालणारं दार अंगावर येऊन पाय मोडला. निर्मितीसंस्थेला इंग्लंडच्या कोर्टाने सोळा लाख पौंड दंड केला. दार! ज्याने बिजागरी लावता लावता नशीब काढलं, त्याच्यावर शेवटी दारानेच हल्ला करावा. ते बसवणारा सुतार जातीचा नसणार.

२०२३ साली शेवटचा इंडियाना जोन्स आला. फोर्ड ऐंशीचा, मी त्याच्या मागोमाग. नातवाला घेऊन गेलो. थेटर आता मॉलच्या चौथ्या मजल्यावर असतं आणि खुर्ची मागे रेलते, त्यामुळे पुढच्या खुर्चीवर थापा मारता येत नाहीत. चित्रपट मध्यम. पण एका ठिकाणी, मोरोक्कोतल्या टँजियरमध्ये, म्हातारा इंडियाना चोरांच्या लिलावात घुसतो, चाबूक काढतो, फटकारतो आणि "मागे व्हा!" म्हणून गरजतो. क्षणभर शांतता. मग समोरचे सगळेच्या सगळे आपापली पिस्तुलं काढतात आणि गोळ्यांचा पाऊस पडतो. इंडियाना खाली दडी मारतो. म्हणजे बेचाळीस वर्षांनी तो तलवारवाला आता हा झाला होता. थेटर हसलं, नातू पोट धरून हसला.

बाहेर येताना तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही हसला नाहीत का तेव्हा?"

"हसलो की."

"मग मागे वळून काय बघत होतात?"